सुलक्षणाताईंचा सकाळचा वर्ग

विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सुलक्षणा परबांना सगळे नुसतंच ताई म्हणतात. एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं पॅकिंगचं काम केलं. तिथल्याच एका मैत्रिणीकडून योगासनं शिकल्या आणि कारखाना बंद पडल्यावर सोसायटीच्या ऑफिसात रोज सकाळी बायकांचा वर्ग घ्यायला लागल्या. फार काही नाही. मान फिरवायची, ताडासन, अनुलोम-विलोम, शेवटी दहा मिनिटं शवासन. मीही जायचे.

दिवाळी आठवड्यावर आली की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. साफसफाई, फराळ, सुट्टीत येणारे पाहुणे यांनी सगळ्या पिचलेल्या. ताई प्रत्येकीला एकच सांगायच्या, "टेन्शन आहे गं. श्वास लांब सोड, उतरेल."

गेल्या वर्षी त्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची लता खोत रोज येत होती. वय सत्तेचाळीस, चकल्यांच्या ऑर्डरी घेणारी. सोमवारी म्हणाली, "ताई, मान आखडलीय. जबडापण ठणकतोय."

"दिवसभर सोऱ्या फिरवतेस, दुखणारच. खांदे सैल सोड."

मंगळवारी तिला जिने चढताना दोनदा थांबावं लागलं. बुधवारी शवासनात आम्ही सगळ्या शांत पडलो होतो, तेव्हा ताईंना दिसलं की लताची छाती भराभर वरखाली होतेय. पंखा फुल होता, तरी ओठांवर घाम. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"लता, डॉक्टरकडे जाऊन ये."

"काय नाय ओ ताई, पित्त झालंय. दिवाळी झाली की जाते ना."

ताई सतरंज्या गुंडाळायला लागल्या. पुढे कधीतरी मला म्हणाल्या, "तेव्हाच हात धरून न्यायला हवं होतं. पण मलाही टेन्शनच वाटलं. मीच सगळ्यांना तेच सांगत होते ना!"

गुरुवारी लता आली नाही. ताईंचं लक्ष लागेना. श्वास मोजताना आकडे चुकायला लागले, तशा त्या एकदम उठल्या. "तुमचं चालू दे," म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. मला काय वाटलं कोण जाणे, मीही मागोमाग गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत करपल्याचा वास. कढईत चकल्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या, आणि लता भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. चेहरा राखेसारखा. डोळे मिटलेले. अंगठ्याने एक नाकपुडी दाबून ती अनुलोम-विलोम करत होती.

"तुम्ही सांगितलं तसंच करतेय ताई," ती पुटपुटली. "पण आज उतरतच नाय."

ताईंनी गॅस बंद केला. "जान्हवी!" त्या ओरडल्या. लताची मुलगी ऑफिसला निघायच्या तयारीत बाथरूममधून धावत आली. "रिक्षा थांबव, पळ!" आम्ही लताला खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. तीन दिवस शरीर सांगत होतं. कुणी लक्ष दिलं नाही का?

लता वाचली, पण हृदय कमजोर झालं. जिने बंद. ती दहिसरला भावाच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला गेली. ताई भेटायला गेल्या तेव्हा म्हणाली, "तुमच्यामुळे जीव वाचला."

"माझ्यामुळेच तीन दिवस गेले गं."

लताने नाही म्हटलं नाही.

आता पुन्हा दिवाळी जवळ आलीय. वर्ग गच्च भरतो. कुणी काही दुखतंय म्हणालं की ताई आधी डॉक्टरकडे पाठवतात. चिठ्ठी बघितल्याशिवाय सतरंजीवर बसू देत नाहीत. शवासनाच्या वेळी त्या आमच्यामधून अनवाणी फिरत राहतात, प्रत्येकीजवळ थांबतात, वाकून बघतात. डोळे मिटले तरी ते मला कळतं, आणि हल्ली माझं अंग काही सैल सुटत नाही.

काल वर्गातली शीतल म्हणाली, "ताई, तुम्हीपण पडा ना जरा."

"मला नको," ताई म्हणाल्या आणि पुढच्या सतरंजीकडे गेल्या.