गच्चीवरची येळवस

एडन कुठं आहे, असं आमच्या तेर गावात कोणी विचारलं तर लोक आमच्या घराकडं बोट दाखवायचे. आम्ही 'एडनवाले'. परत आलो तेव्हा आमच्या ट्रंका सोन्याच्या घड्याळांनी भरलेल्या असणार, अशी गावाची पक्की समजूत होती. ट्रंकेत गोधड्या होत्या, अम्माची कढई होती आणि एक फुटका फ्लास्क. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात, पण आम्हाला तर उंदीरही सापडला नव्हता.

निजामाचं राज्य गेलं आणि त्याबरोबर अब्बांची करोडगिरी नाक्यावरची जकात वसुलीची नोकरीही गेली. अब्बांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं, पण आता त्या मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चार ठिकाणी हातपाय मारून झाले. शेवटी त्यांनी आपल्या जुन्या ओळखीच्या चाऊस चाचांना पत्र टाकलं. हे चाचा परांड्यात जन्मलेले आणि तिथंच वाढलेले. त्यांच्या पणज्यानं कधीकाळी अरबस्तानातून येऊन निजामाच्या फौजेत चाकरी धरली होती. तेवढ्यावरून राज्यबदलानंतर त्यांना 'तुमच्या मुलखात' म्हणून अरबस्तानाच्या टोकाला, इंग्रजांच्या ताब्यातल्या एडन बंदराला पाठवून दिलं. तो मुलूख त्यांनी पूर्वी डोळ्यानंसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी उत्तरात कळवलं, की इथं बंदरावर काम आहे, या.

अब्बा आधी एकटे गेले. मग आम्हाला न्यायचं ठरलं तेव्हा तेरणा नदीकाठचं आमचं रान विकलं. घेणारा शेजारचाच शेतकरी होता, भला माणूस. निघताना तो अम्माला म्हणाला, "भाबी, कवाबी या. तुमचं रान तुमालाच देतो, दुसऱ्या कुनाला न्हाय." अम्मानं तो शब्द पदरात गाठ मारून नेला. पुढं एडनमध्ये दर पगाराला तिची एकच गोष्ट असायची: हे बाजूला ठेवा, आपलं रान सोडवायचंय. रान विकलेलं होतं, गहाण नव्हतं; 'सोडवायचं' काय त्यात? पण अब्बांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. ती कायम 'आपलं रान'च म्हणत राहिली.

एडनमध्ये आम्ही क्रेटर नावाच्या भागात राहायचो. सगळीकडून काळेकुट्ट डोंगर आणि मधे खळग्यात घरं दाटलेली. झाड नाही, गवत नाही. तव्यावर राहिल्यासारखं वाटायचं. अब्बा बंदराजवळच्या एका दुकानात माल उतरवून घ्यायचे. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मी शाळेत जायची आणि मोडकीतोडकी अरबी बोलायची. अम्मा मात्र कशालाच रुळली नाही. एकदा गल्लीतून उंटाची गाडी चालली होती आणि गाडीत चक्क कडबा होता. ज्वारीचा! एडनच्या पलीकडं लाहेजच्या मुलखात ज्वारी पिकते, हे आम्हाला कुठं ठाऊक? अम्मा चपला न घालता खाली धावली, त्यातलं एक धाट ओढून घेतलं आणि मोडून त्याचा वास घेत रडली. गाडीवाला घाबरून उंट हाकायला लागला.

पुढं एडनची हवा फिरली. इंग्रजांनी जावं म्हणून संप सुरू झाले, हातबाँब फुटू लागले, भिंतीवर रोज नव्या घोषणा. आज या गल्लीत संचारबंदी, उद्या त्या गल्लीत. शाळा बंद झाली. अब्बा घरी येईपर्यंत अम्मा जिन्यात बसून राहायची. इंग्रजाला खबरा देतो अशा संशयावरून माणसं मारली जायची आणि त्यांचं नावसुद्धा लोक मोठ्यानं घेत नसत. आम्हाला वाटायचं, हे अरबांचं आणि इंग्रजांचं भांडण आहे. आपण परके, आपलं काय जातंय? असं फक्त परक्यालाच वाटतं.

त्या साली रमजानचा चांद दिसायच्या आदल्या दिवशी येळवस आली. मार्गशीर्षाची अमावास्या. आमच्या तेरकडच्या भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याची खोप करायची, ताकातली आंबट अंबील, पाल्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन जायचं, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं. हिंदू पूजा मांडत, आमचे अब्बा जेवणावर फातेहा देत; अंबील तीच. या सणाचे नियम दोन. वाटसरूला उपाशी जाऊ द्यायचं नाही, आणि कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. म्हणे, नाही म्हटलं की रान रुसतं.

अम्मा म्हणाली, "औंदा म्या येळवस करनार. आपल्या रानाला कळू तर दे, आमी इसरलो न्हाय." अब्बा 'अगं, दिवस काय' म्हणेपर्यंत तिनं उंटवाल्याकडून कडबा घेतलासुद्धा. गच्चीवर चार पेंढ्यांची खोप उभी राहिली. माझ्या गुडघ्याएवढी असेल. कोंबडी कशीबशी मावली असती. भज्जीत हरभऱ्याच्या पाल्याऐवजी कसलातरी समुद्राकडचा पाला होता. पण अंबील तशीच आंबट झाली होती. अम्माचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

जेवायला मात्र कोणी येईना. खालच्या मजल्यावरचे लोक दार किलकिलं करून 'मेहेरबानी' म्हणाले आणि कडी लावली. चाऊस चाचांना येळवस चांगली ठाऊक, परांड्यात त्यांनी शंभर खोपींत जेवण केलं असेल; त्यांनीही निरोप धाडला की जमणार नाही. त्यांची पोरं इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत होती. गल्ली सुनसान. फक्त कोपऱ्यावर एक गोरा शिपाई बंदूक घेऊन उभा, उन्हानं लाल झालेला, मिसरूड जेमतेम फुटलेलं.

"वाटसरू त्योच हाय," अम्मा म्हणाली. "बोलवा त्याला."

"अगं, येडी का तू?"

"उपाशी हाय त्यो. येळवशीला उपाशी माणूस दारावरनं गेला तर आपलं रान आपल्याला परत मिळायचं न्हाय."

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. ते खाली गेले आणि बंदरावरच्या इंग्रजीत म्हणाले, "कम, ईट." शिपायानं आधी बंदूक सावरली, मग हसला. तो दारातच उभा राहिला. अम्मानं त्याच्या हातात अंबिलीचं भांडं दिलं. पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं, आणि मला वाटलं, टाकणार आता. पण त्यानं भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात रिकामं केलं. काहीतरी म्हणून मान लववली आणि परत कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. अम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जेवला गं बाई."

गल्लीतल्या प्रत्येक बंद खिडकीमागं एक डोळा होता.

दुसऱ्या दिवसापासून पाववाल्यानं आमच्या दारावर थांबणं सोडलं. तिसऱ्या दिवशी दारावर लाल रंगाची फुली. त्या संध्याकाळी रोजा सोडून झाल्यावर चाऊस चाचा आले. बसले नाहीत.

"भाबी, शिपायाला जेवू घातलंसा?"

"येळवस होती, भाईजान. तुमाला म्हाईत हाय की."

"मला म्हाईत हाय. म्या पोरास्नी सांगितलं, तिकडं असा सण असतो. ती म्हनली, अमावस्येचा सण मुसलमान कधीपासून करायला लागला? खबऱ्याच हाय त्यो." मग अब्बांकडं वळून म्हणाले, "पहिल्या बोटीनं जा. माझं पोरगंच सांगतंय मला, म्हंजे समजून घ्या."

अब्बांनी वाद घातला नाही. वाद कुणाशी घालणार? जे काही गाठीला बांधलं होतं ते बोटीच्या तिकिटांत आणि घाईघाईच्या निघण्यात गेलं. अम्मानं आपल्या रानाचा पैसा असा पाण्यात जाताना पाहिला. धक्क्यावर चाचा पोरासारखे रडले. मला म्हणाले, "आपल्या परांड्याजवळच्या सोनारीला गेलीस तर तितल्या देवळातल्या माकडास्नी माझ्या नावानं फुटाणे टाक." ते परत कधी दिसले नाहीत. जिवंत राहिले की नाही, तेही कळलं नाही.

तेरला आलो तर पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपलेली. पोलीस पाटील रोज येऊन विचारी, "नक्की एडनास्नंच आलात ना? कराचीस्नं न्हवं?" तिथं आम्ही इंग्रजांचे खबरे, इथं पाकिस्तानचे. खबरा देण्यासारखं आमच्याकडं काय होतं, हे एकदा कुणीतरी मला सांगावं. अब्बा धाराशिवला अडतीच्या दुकानात हमालांवर देखरेख करू लागले आणि घरात बोलेनासे झाले.

रान घेणाऱ्या शेतकऱ्यानं शब्द फिरवला नाही, पण शब्दाला वर्षं किती लोटली होती! त्यानं विहीर खोदली होती, पोरं हाताशी आली होती. अब्बा त्याच्याकडं गेलेच नाहीत. कोणत्या तोंडानं आणि काय घेऊन जाणार? अम्मा वर्षभर त्या वाटेला फिरकली नाही. तरी पाऊस पडला की म्हणायची, "आपल्या रानात वाफसा आला असंल."

पुढची येळवस आली. आम्ही दोघी शेजारच्या गावाहून मावशीकडून पायी येत होतो. वाट आमच्या विकलेल्या रानावरूनच होती. अम्माला वाटलं, सण संपायच्या वेळी तिथून निघून जाऊ, कोणी दिसणार नाही. पण बांधावर त्या शेतकऱ्याची नवीन सून उभी होती, अंगावर अजून हळदीचा पिवळेपणा. तिनं आम्हाला पूर्वी कुठं पाहिलेलं?

"ओ मावशी, पाव्हणं! येळवस हाय, जेवल्याबिगर जाऊ नगासा!"

अम्मा थांबली. मला वाटलं, आता ही वळणार आणि चालू लागणार. देवाशपथ, मला तेच हवं होतं. पण येळवशीला नाही म्हणायचं नसतं. अम्मा बांध ओलांडून खोपीत गेली आणि कडेला बसली.

"कुठलं गाव तुमचं, पाव्हणं?" सुनेनं अंबील ओतत विचारलं.

अम्मानं विहिरीकडं पाहिलं, तुरीकडं पाहिलं. "लई लांबचं, पोरी. वाटसरू आमी." मग भांडं दोन्ही हातांनी धरून तिनं अंबील एका दमात संपवली, अगदी त्या शिपायासारखी.

घरी आलो तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," अम्मा म्हणाली. "लोकाच्या रानात."