कॉटवरून दिसणारं चित्र

आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि महाप्याला एका कंपनीत नोकरी करत होते. नेरूळला आमचा वन बीएचके होता आणि घरात आम्ही तिघंच. बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक नग मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आई घरी शिवणकाम करायची आणि क्रिकेट बघायची, तेही एकाच वेळी. मॅच असली की मशीन टीव्हीसमोर ओढून घ्यायची. कुणी कॅच सोडला की त्या खेळाडूचा उद्धार व्हायचा आणि इकडे ब्लाउजची बाही उलटी लागायची. ब्लाउज परत घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "काल मॅच होती का हो?"

झटक्यात तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले ते चार-पाच शब्द: हो, नको, पाणी आणि 'बरंय'. सगळ्यात जास्त 'बरंय'. डॉक्टरांनी विचारलं तरी बरंय, औषध कडू लागलं तरी बरंय.

बाबांनी नोकरी सोडली. तिला उचलणं, वळवणं, भरवणं कुणीतरी करायला हवं होतं आणि माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता, त्यामुळे चर्चाही फारशी झाली नाही. मदतीला सारसोळे गावातल्या एक मावशी सकाळ-दुपार यायच्या. आईला आतल्या खोलीत ठेवलं. तिथे कपाट आणि बाथरूमचं दार सोडून कॉट एकाच भिंतीला लागत होती. तिला बसवलं तर दहा मिनिटांत मान कलायची, म्हणून दिवस सगळा आडवाच, कधी या कुशीवर, कधी त्या. आमचा जुना डब्यासारखा टीव्ही हॉलमध्ये होता, तो आत मावत नव्हता. मॅच लागली की तिला नुसता आवाज यायचा. ती दाराकडे बघत पडून राहायची.

एका रविवारी बाबा म्हणाले, "भिंतीवर लागतो तसला एखादा टीव्ही घेऊ या का तिच्या खोलीत?"

मी लगेच कामाला लागले. त्या वेळी दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असायचा, प्लाझ्मा की एलसीडी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवर वाचून दोन्हींची तुलना करणारा एक तक्ताच तयार केला. प्लाझ्मा वीज जास्त खातो, तापतो, वजनाला भारी. खिडकीचा उजेड पडला की काच चमकते. शिवाय बेचाळीस इंचांखालचा प्लाझ्मा दुकानात दिसतच नव्हता आणि त्यातला सगळ्यात स्वस्तसुद्धा आमच्या बजेटच्या वर जात होता. बत्तीस इंची एलसीडी मात्र आरामात बसत होता. ऑफिसातले सगळे म्हणाले, एलसीडीच घे, टेन्शन नाही.

बाबांनीही तयारी केली होती, त्यांच्या पद्धतीनं. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्यांनी खोलीची आकृती काढली होती. जमिनीपासून उशीची उंची, उशीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर, टीव्ही मधोमध लावला तर तिला तो किती बाजूनं दिसेल, सगळं टेपनं मोजून लिहिलेलं. मी ते पान बघितलं, 'छान काढलंय' म्हटलं आणि परत दिलं.

आम्ही वाशीच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. रविवार संध्याकाळ, गर्दी होती. एका भिंतीवर दोन्ही प्रकारचे टीव्ही ओळीनं लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्र, कधी फुलं, कधी क्रिकेट. सेल्समन माहिती देत होता, मी तक्ता काढून प्रश्न विचारत होते. बाबा कुठे दिसेनात म्हणून वळले, तर ते एलसीडीच्या डाव्या अंगाला, कडेला, खाली वर्तमानपत्र पसरून कुशीवर आडवे झाले होते. हात डोक्याखाली घेतलेला. चष्मा नीट करून ते टीव्हीकडे बघत होते.

"काका, काय होतंय? चक्कर आली का?" सेल्समन धावला.

"नाही नाही. बघतोय."

"काका, पण असं झोपून टीव्ही कोण बघतं?"

"आमच्याकडे बघतात," बाबा म्हणाले.

आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. एका बाईनं नवऱ्याला कोपरानं खुणावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "बाबा, उठा. लोक बघतायत."

ते उठले, वर्तमानपत्र उचललं आणि प्लाझ्मासमोर जाऊन परत आडवे झाले. दोन मिनिटांनी पँट झटकत उभे राहिले आणि मला म्हणाले, "हा घेऊ या. त्या एलसीडीचं चित्र बाजूनं फिकं पडतं. याचं पडत नाही. आणि त्याच्यावर बॉल मागे शेपूट सोडतो, मघाशी क्रिकेट लागलं होतं त्यात बघितलं मी."

"बाबा, बजेटच्या बाहेर जातोय. विजेचं बिल किती येईल? ती खोली केवढीशी आहे, त्यात हा तापणार."

"आपण थोडं थांबू. दोन महिन्यांनी घेऊ."

"दोन महिने ती दाराकडे बघत पडणार का?"

"तसं नाही गं. पण एकदा तू पण आडवी होऊन बघ. एकदाच."

ते शोरूमच्या मधोमध मला आडवं व्हायला सांगत होते. मी सेल्समनकडे बघितलं, तो हसू दाबत होता. आणि मी म्हटलं, "पैसे मी देतेय ना? मग मला ठरवू द्या."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "बरं. तुला योग्य वाटेल ते."

एलसीडी घरी आला. भिंतीवर मधोमध चढला, दुसरीकडे जागाच नव्हती. सुरू झाल्यावर आईच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मी विचारलं, "दिसतंय ना गं नीट?"

"बरंय," आई म्हणाली.

मी खूश. ऑफिसात पेढे नेले.

त्यानंतर आठ महिने गेले. मी सकाळी आठला निघायचे, रात्री साडेआठला यायचे. आल्यावर आईच्या खोलीत डोकवायचे, तेव्हा टीव्ही चालू असायचा आणि बाबा शेजारी स्टुलावर बसलेले असायचे. कधी पडद्यावर काय चाललंय ते तिला सांगत असायचे. 'आता स्लिप काढली', 'डावखुरा आलाय बघ'. मला ते गोड वाटायचं. आयुष्यभर या माणसानं क्रिकेटकडे ढुंकून बघितलं नव्हतं. पॉइंट आणि गली यातला फरक त्यांना आईच्या आजारपणात कळला.

एका दुपारी ऑफिसात सर्व्हर बंद पडला आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर मॅच चालू होती. आतून बाबांचा आवाज येत होता. मावशी ओट्याशी भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "मावशी, बाबा आता अगदी कॉमेंटेटर झालेत."

मावशींनी हात थांबवले. "मंग काय करतीन गो ते? तिला कुठं काय दिसतंय त्याच्यान? बाबा बोलतान, ती आयकते."

"म्हणजे? डोळे चांगले आहेत तिचे."

"डोल्यांना काय नाय झालं. टीवी तसा हाय. मी तिच्या बाजूला लवंडले एकदा, तवा समजला. तू बघलं नाय कदी?"

मी आत गेले. बाबा बोलायचे थांबले. मी कॉटवर चढले आणि आईच्या पाठीमागे, तिच्याच उशीवर डोकं टेकून आडवी झाले.

मैदान राखेच्या रंगाचं होतं. सगळ्यावर कुणीतरी पांढुरकं पाणी ओतल्यासारखं. खेळाडूंचे कपडे, खेळपट्टी, साइटस्क्रीन एकमेकांत मिसळून गेलेले, चेहरे ओळखू येत नव्हते. बॉलर धावत आला, हात फिरला, बॅट फिरली. बॉल मला दिसलाच नाही. लोक ओरडले तेव्हा कळलं की काहीतरी झालं.

"आई," मी म्हटलं, "तुला यातलं काही दिसतं का गं?"

आईनं डावा हात मागे नेला, माझा चेहरा चाचपला आणि तो हात गालावर ठेवला.

"बरंय," ती म्हणाली.

बाबा स्टुलावर खाली बघत बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं आणला होतास," ते म्हणाले.

पुढच्या पंधरा दिवसांत मी तो टीव्ही ऑफिसातल्या एकीला मिळेल त्या किमतीला देऊन टाकला आणि वाशीला जाऊन प्लाझ्मा घेतला. डिस्प्लेला लावलेला होता, म्हणून थोडा स्वस्त पडला. या वेळी मी शोरूममध्ये आडवी झाले. कुणी बघत होतं की नाही, मला माहीत नाही.

तो लावायला तीन माणसं लागली. खोली खरंच तापायची, पंखा फुल ठेवावा लागायचा. पण पहिल्या मॅचला आईचे डोळे बॉलबरोबर फिरताना मी पाहिले. बाबा सवयीनं बोलायला लागले तर तिनं हात उचलून त्यांना गप्प केलं. आणि दुसऱ्या डावात मिडविकेटला एक सोपा कॅच सुटला, तेव्हा आई मोठ्यानं म्हणाली, "अरे!"

हा शब्द तिच्याकडे वर्षभर नव्हता. बाबा स्टुलावरून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभे राहिले.

अशा तिनं चार मॅच बघितल्या. मग छातीत कफ झाला, न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलमध्ये नेलं. नवव्या दिवशी ती गेली.

दिवस-कार्य झाल्यावर पाहुणे पांगले. दुपारी मी आणि बाबा ताटं घेऊन समोरासमोर बसलो होतो. वरणभात गार होत होता. माझ्या मनात जे महिनाभर फिरत होतं ते मी बोलले. "बाबा, आठ महिने. तिच्याकडे उरलेच होते नऊ, आणि त्यातले आठ मी तिला ते राखेसारखं चित्र दिलं. मी दुकानात एक मिनिट आडवी झाले असते तर..."

मला वाटलं होतं, ते म्हणतील तुझी काही चूक नाही. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी भात कालवला.

"तू बघितलं नव्हतंस," ते म्हणाले. "मी बघितलं होतं. तीस वर्षं खराब नग रिजेक्ट केला मी, मालक समोर उभा असला तरी. आणि घरात लेकीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. तुझं मन राखलं मी. तिचं राखलं नाही. ती बिचारी आपल्या दोघांचं राखत राहिली."

बाबांनी माझ्या पानात लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाले, "जेव."

याला आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, मी ठाण्याला राहते. बाबा अजून नेरूळच्या त्याच घरात आहेत. आईबद्दल आम्ही पुष्कळ बोलतो. तिचे उलट्या बाह्यांचे ब्लाउज, तिचं माशाचं कालवण, खेळाडूंना घातलेल्या शिव्या, सगळं हसत बोलतो. त्या आठ महिन्यांबद्दल मात्र त्या दुपारनंतर दोघांपैकी कुणीही एक शब्द काढलेला नाही. बोलता बोलता कधी त्या वर्षाशी आलो, की बाबा विचारतात, चहा टाकू का. मी हो म्हणते.