दारातलं गाणं

टोकावड्याच्या जगदीशच्या बेंजो पार्टीला हळदीची सुपारी मिळाली, की ‘दारातलं गाणं’ वाजलंच पाहिजे. आता गाणं प्रेमभंगाचं, आणि त्यावर नवरदेवाच्या मावश्या-आत्या घाम फुटेस्तोवर नाचतात! ‘तू उंबरा ओलांडून गेलीस, मी दारातच राहिलो’, असं म्हणणाऱ्याचं काळीज फाटलंय, हे ऐकायला वेळ कोणाला आहे? ठेका असा फक्कड, की म्हातारेसुद्धा काठी टाकून मांडवात उतरतात.

ठेका जगदीशचा. गाणं मात्र त्याच्या धाकट्या भावाचं, किशोरचं. त्याचा जीव जडला होता त्या रविनाच्या घरच्यांनी किशोरला नकार दिला, तेव्हा ओटीवर बसून त्याने ते रचलं. इतकं सावकाश म्हणायचा, की एका ओळीत चुलीवरचा चहा उकळून जाईल, असं आई म्हणायची. त्याच वर्षी काविळीने तो गेला.

बारावं-तेरावं उरकून जगदीश पुन्हा हळदी वाजवायला लागला, पण बोटं आपोआप त्याच गाण्यावर जायची आणि डोळे भरून यायचे. हळदीत रडणारा वाजंत्री कोणाला हवा? म्हणून त्याने लय वाढवली, पार दुप्पट केली. बोटं पळायला लागली, की रडायला फुरसत मिळेना. भलताच शहाणपणा! गाणं मुरबाड-शहापुरात घरोघरी पोचलं. ते कोणाचं, हे कोणी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. त्याची त्याला लाज वाटत राहिली. शेतात राबताना कुठल्यातरी मोबाइलवर ती धावती चाल वाजली, की तो दचकून मागे बघायचा.

रविनाने पाच वर्षं स्थळं टाळली, यंदा तिचं लग्न ठरलं. तिच्या घरची सुपारी जगदीश घेणारच नव्हता, पण तिचाच फोन आला.

“दादा, तुमीच या. आनि ते गानं त्याच्यासारखं वाजवा. एकदा ऐकलं, का मी सुखानं जाईन.”

हळदीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मांडव भरला. रविना पाटावर बसली होती, गाल हळदीने माखलेले. जगदीशने पार्टीतल्या देवजीला ढोल वाजवू नको अशी खूण केली आणि एकट्याने बेंजोवर सुरुवात केली. अर्धी ओळ झाली नाही तोच बोटं पळाली. तो थांबला. पुन्हा हळू सुरू केलं, पुन्हा पळाली. तिसऱ्या खेपेला तर करवल्या नाचायलाच उठल्या.

“असं नव्हतं, दादा,” रविना म्हणाली.

“ठावं हाय गो,” जगदीशने बोटं बेंजोवरून उचलली. “हाताला नाय येत. तू म्हन, मी तुझ्या मागून वाजवतो. तू तर त्याच्या तोंडून ऐकलंस.”

रविनाने डोळे मिटले. ओठ हलले आणि तिच्या तोंडून निघाली तीच धावती चाल, पाच वर्षं प्रत्येक हळदीत कानावर आदळलेली. तिने मध्येच तोंडावर हात दाबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

काविळीने भाऊ नेला होता. त्याचा आवाज मात्र आपणच मारला, हे जगदीशला तिथे, भर मांडवात कळलं.

“वाजव की रे, काय बघत बसलास?” मागून कोणीतरी ओरडलं. देवजीने ढोलावर थाप टाकली, आणि जगदीशची बोटं पळायला लागली.