उमरग्यातल्या घरी मी बिनसाखरेचा चहा मागितला

येरमाळ्याहून उमरग्याला जायचं ठरलं ते आमच्या महेशसाठी. महेश माझा नातू, वय बत्तीस. शेती बरी, ट्रॅक्टर घरचा, पण चार ठिकाणांहून नकार आलेला. पाचवं स्थळ माझा भाऊ शिवाप्पा यानं उमरग्यात काढलं. पोरगी गौरी, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. वडलांचं भुसाराचं दुकान. निघायच्या दिवशी महेशनं सकाळी दोनदा दाढी केली.

आता माझं सांगते. मला शुगर आहे. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी भात, साखर, गूळ बंद केला, भाकरी अर्ध्यावर आणली आणि पुढं तीही सोडवली. सोबत गोळीही कमी केली. हे वाचून कुणी आपल्या मनानं भाकरी सोडू नका. गोळी तेवढीच आणि पोटात भाकरी नाही, तर साखर एकदम उतरते, माणूस चक्कर येऊन पडतो. आधी डॉक्टरला विचारा. माझे नऊ किलो उतरले, पोलकी सगळी आवळून घेतली. आनंद एवढा झाला की दिसेल त्याला सांगत सुटले. शेवटी नातीनं हा ब्लॉग काढून दिला, म्हणाली, "आजी, आता इथं सांग, आमचे कान सोड." माझी शाळा चौथीपर्यंत. चुका ती दुरुस्त करते.

येरमाळ्याहून तुळजापूरपर्यंत एस.टी. चांगली. बायकांना अर्धं तिकीट. पुढच्या गाडीला तासभर होता. पिशवीत भाजलेले शेंगदाणे, काकड्या, डब्यात घट्ट दही होतं, तरी मी आणि महेश स्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो.

"काय देऊ मावशी?"

"पिठलं अन् कांदा."

"भाकरी किती?"

"एकबी न्हाय."

"मग पिठलं कशासंगं खाणार?"

"चमच्यासंगं."

वेटरनं गल्ल्याकडं बघितलं. मालक म्हणाला, "दे की बाबा. आपली भाकरी वाचली." पैसे मात्र थाळीचेच घेतले. तुम्ही गेलात तर आधी विचारून घ्या.

नळदुर्गचा किल्ला खिडकीतून दिसला. उतरून बघायला वेळ ठेवायला हवा होता. पुढं हायवेला ट्रकच ट्रक. दिवस मावळायच्या आत उमरग्याला शिवाप्पाच्या घरी पोचलो. त्यानं बसायच्या आधीच दम भरला, "अक्का, तिथं शुगरचं नाव काढू नको. सोयरिकीत आजार सांगत नसत्यात. घराण्यातच हाय म्हणतील."

दुसऱ्या दिवशी दहाला तिघं गेलो. पुढं दुकान, मागं घर, ज्वारीच्या पोत्यांचा वास आतपर्यंत. पोहे आले, शिरा आला, चहा आला. मी चहा बिनसाखरेचा मागितला, पोह्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले, शिऱ्याची बशी बाजूला सारली. महेशनंही सारली. माझ्यामुळं आमच्या घरात सगळ्यांचंच गोड सुटलंय, त्याच्या ध्यानातही आलं नाही. गौरी आली, समोर बसली. बोलणं मोजकं, नजर सरळ. मला पोरगी फार आवडली. हसत हसत बाहेर पडले.

दुपारी शिवाप्पाला तिच्या वडलांचा फोन. "न्हाय तर न्हाय, आमची तक्रार न्हाय," एवढंच बोलून ठेवून दिला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात पोरगी पसंत नाही हे तोंडानं कुणी सांगत नाही. गोडाला हात लावायचा नाही, की समोरचे समजून घेतात. थोरल्या नातवाच्या वेळी मी स्वतः एका घरी असाच लाडू ठेवून उठले होते.

महेश म्हणाला, "चार जागी मला नकार मिळाला. पाचव्या जागी तू दिलास."

शिवाप्पाचं म्हणणं, जाऊन दोन घास शिरा खा आणि मोकळी हो. मी म्हटलं, शिरा नाही खायचा, खरं सांगायचं. तसेच परत गेलो. वडील गल्ल्यावर होते, उठले नाहीत. मी म्हणाले, "पाव्हणं, पोरगी पसंत हाय. मला शुगर हाय, म्हणून गोड खाल्लं न्हाय. आन् आता मला भूक लागलीया. जेवायला वाढा."

आतून गौरी आली. "अव्वा, मला सकाळीच वाटलं हुतं." आजीला तिकडं अव्वा म्हणतात. "बिनसाखरेचा चहा कुणीबी मागतं. पोह्यातलं शेंगदाणं वेचून कोण खातं?"

"मग सांगायचं न्हाय का!" वडील म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमीच घराण्यात आजार म्हणाला असता."

वडलांनी मान खाली घातली. "माझ्या आईलाबी हाय. आमीबी सांगितलं न्हाय."

त्यांची आई सकाळी आतल्या खोलीत बसवून ठेवली होती, ती काठी टेकत आली. आम्ही दोघी जेवायला बसलो. झुणका, मेथी, दही, शेंगांची चटणी. भाकरीची दुरडी आमच्यापुढून तशीच परत गेली.

"दोन म्हाताऱ्या, आन् भाकरीला एक गिऱ्हाईक न्हाय," वडील म्हणाले. "दुकान बंद करू का आता?"

महेशनं तेवढ्यात शिऱ्याच्या तीन बशा संपवल्या. वडलांनी साखर आणायला सांगितली, पोरीच्या तोंडात घालायला. गौरी म्हणाली, "थांबा जरा. मी चार दिवसांनी सांगते." तिची आई डोळे मोठे करून बघायला लागली. मी म्हणाले, बरोबर आहे, आम्ही दोन दिवस विचार करून आलो, तिला चार लागणारच. आमच्या वेळी असं म्हणायची सोय नव्हती. मला सोळाव्या वर्षी थेट हळद लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत आलो. गौरीच्या अव्वांनी दिलेली चटणी कपाटात आहे, बिनगुळाची. सोयरिकीत आजार लपवायची आमची रीत मात्र मी उमरग्यातच सोडून आले. सकाळीच पाव्हण्यांना शुगर सांगितली असती तर पोहे गार झाले नसते.

तीन दिवस महेश मळ्यातही फोन हातात घेऊन फिरला. चौथ्या दिवशी फोन आला तो माझ्याकडं.

"अव्वा, सकाळची शुगर किती आली?"

"एकशे अठरा."

"गोळी येळेवर?"

"व्हय."

"मग लग्नापतूर अशीच ठिवा. मान्सं लई येणारेत, धावपळ हुईल."

मी काही बोलायच्या आत तिनं ठेवून दिला. महेश दारात बूट घालत होता. "कुणाचा गं?"

"तुझ्या बायकोचा," मी म्हणाले.

एक पाय बुटात, एक उघडा, तो तसाच उभा राहिला.