मधली अकरा वर्षं

तुरुंगात मी कैद्यांना पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं भरायला, शिकवायचो. सुटका जवळ आली की मुलाखतीची तयारीही करून घ्यायचो. गारगोटीकडच्या एका पन्नाशीच्या माणसाला मी मालक होऊन विचारलं, "मधली अकरा वर्षं कुठं होता?"

"पुण्यात कामाला होतो म्हणू काय, सर?"

"खरं सांगा. मागाहून कळलं तर काम जाईल."

सुटल्यावर दोन दुकानदारांनी खरं ऐकून त्याला वाटेला लावलं. माझा सल्ला चुकला, असं मलाही वाटू लागलं. शिवाजी पेठेतल्या तिसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जळालेली मोटार पुढं ठेवली. "भरून दाखवा, पावणं."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "चिडलतो तुमच्यावर, सर. पण मोटार फिरली. उद्यापासून या म्हणालेत."