भट्टीवरची आत्या

आमच्या बेटावर, नेयाफू गावच्या बाजारामागे हाकेआयची बेकरी आहे. बाहेर पाव विकायला ओफेइना बसायची आणि आत भट्टीवर तिचा थोरला भाऊ सेमीसी. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीपेक्षा जाड आमचा रिवाज. वयात आलेले बहीणभाऊ आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांशी मोकळं बोलत नाहीत, आणि बहिणीसमोर कुणी चावट बोललं तर भावाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या वर्षी हाकेआयचे तीन कारागीर फळं तोडायला ऑस्ट्रेलियाला गेले. तिकडे पैसा आणि इकडे पीठ म्हटल्यावर थांबतंय कोण? हाकेआय येईल त्याला कारागीर आणून दे म्हणून गळ घालायचा, पण समोर बसलेली बाई काही त्याला दिसायची नाही.

"मी शिकते भट्टी," ओफेइना एकदा म्हणाली.

"तू? अगं, आत तुझा भाऊ आहे. तू पाय ठेवलास की आतल्यांची तोंडं शिवली जातील. माझा पाव यीस्टवर कमी आणि चावट गप्पांवर जास्त फुगतो."

"मग यीस्ट वाढवा, मालक."

बाई हट्टाला पेटली म्हणजे पेटली. दुसऱ्या दिवशी ती आत गेली, आणि खरोखरच भट्टीघरात सुतक पडल्यासारखं झालं. सेमीसी भिंतीकडे तोंड करून पीठ मळायचा. सेमीसीखेरीज उरलेला एकुलता एक कारागीर फिनाऊ, त्याचे तर हाल कुत्रा खाईना, कारण सगळी शिकवणी त्याच्यामार्फत.

"फिनाऊ," सेमीसी भिंतीला सांगायचा, "ज्यांनी या लाद्या मागच्या कोपऱ्यात सरकवल्यात, त्यांना सांग, तिथे आच जास्त असते."

"फिनाऊ, त्यांना सांग, कळलं."

"मी काय टपालपेटी आहे?" फिनाऊ कुरकुरायचा. "आठ दिवस एक विनोद पोटात घेऊन हिंडतोय. अपचन झालंय मला."

ओफेइनाची मनगटं भाजली, करपलेल्या लाद्या खाऊन तिच्या घरची डुकरं माजली, पण हळूहळू तिचा हात बसला. अन् मग फिनाऊचाही नंबर लागला आणि तो ऑस्ट्रेलियाला उडाला. आता उरले बहीणभाऊ दोघंच, आणि दोघांनीच एका खोलीत राबणं कुणाच्या बापाला चाललं नसतं. सेमीसीने अंगावरचं पीठ झटकलं, मासेमारीच्या होडीवर जातो म्हणून हाकेआयला सांगितलं आणि चालता झाला. तीन लेकरांचा बाप, आणि होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या काढणारा माणूस तो.

"झालं तुझ्या मनासारखं," हाकेआय ओफेइनाला म्हणाला. "मागावंसुद्धा लागलं नाही."

हेच तिला झोंबलं. आमच्यात बहिणीचा मान मोठा. तिने मागितलं की भावाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर तिने कधी मागितलं नव्हतं. तिला भट्टी हवी होती ती आपल्या हातांच्या जोरावर, भावाच्या ताटातली उचललेली नको होती. पण भट्टी सोडून पुन्हा बाहेर बसायलाही तिची तयारी नव्हती. दुसऱ्याने भाजलेला पाव कागदात गुंडाळून गुंडाळून तिचा जीव विटला होता. तिने एकटीने काम रेटायला सुरुवात केली. पीठ मळेपर्यंत भट्टी उतरायची, भट्टी तापेपर्यंत पीठ आंबायचं, आणि निम्मं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं.

अशातच सेमीसीच्या धाकट्या लेकीचा पहिला वाढदिवस आला. मांडवात भाजलेली डुकरं, कोनफळांच्या राशी आणि तीन मजली केक. सगळ्यांच्या वर, उत्तम चटईवर, मुलीच्या आत्याची जागा. केकचा वरचा मजलाही आत्याचाच. केक सेमीसीने स्वतः केला होता. भट्टी सुटली, आता हा त्यांचा शेवटचा केक, असं वहिनी, म्हणजे सेमीसीची बायको, सांगत होती.

घराण्याच्या वतीने बोलणारा म्हातारा उठला. "सेमीसी सांगतो, हा केक त्याच्या बहिणीचा. आणि भट्टीही तिचीच. त्याने ती राजीखुशीने सोडली."

बायकांनी डोळे पुसले. ओफेइनाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. चारचौघांत दिलेलं परत करावं तर भावाचं नाक कापलं जाणार, आणि घ्यावं तर ते शेवटी मानापोटी मिळालेलंच. तिने केक मांडीवर घेतला.

"आजोबा, मी या पोरीची आत्या आहे ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"आत्याचा शब्द मोडता येतो?"

"कुणाची छाती आहे?"

"मग सांगा त्यांना, भट्टी घेतली. आणि आता माझा हुकूम. होडीवर जायचं नाही. दुपारी येऊन पीठ मळायचं आणि मागच्या दाराने जायचं. पुढच्या दाराने मी येईन. मला मळणारा पाहिजे, आणि त्यांच्यासारखं पीठ या बेटावर कुणी मळत नाही."

"अगं, पण मालक मी आहे," हाकेआय म्हणाला.

"मालक, तुम्ही केक खा."

मांडव हसला. सेमीसी पार मागे, डुकरं भाजायच्या, भट्टीसारख्याच तापलेल्या खड्ड्यापाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. बायकोला वाटलं, रडतोय. रडत होताच, पण हसतही होता. मग तो बहिणीकडे न बघता म्हाताऱ्याला म्हणाला, "त्यांना विचारा, सोमवारी किती पोत्यांचं मळू?"