आडवी बाटली आणि सुलूताई

गेल्या रविवारी आमच्याकडे वाचनालयात परिसंवाद होता... ‘अमली पदार्थांची विक्री कायदेशीर करून सरकारने त्यावर नियंत्रण ठेवावं का?’ रत्नागिरीत वक्त्यांना कधीच तोटा नव्हता, ऐकणारेही बऱ्यापैकी आले होते.

मी माझ्या मावसबहिणीला, सुलूताईला, मुद्दाम घेऊन गेले. मिरजोळ्याच्या पुढे तिची वाडी. तिचा मुलगा प्रथमेश एमआयडीसीत चांगला कामाला होता, आता गर्दच्या नादी लागून घरी बसलाय. एवढी शिकलेली माणसं बोलणार, काहीतरी मार्ग सांगतील, असं तिला वाटत होतं.

एक डॉक्टर म्हणाले, चोरून विकतात म्हणून त्यात काय मिसळलंय ते कळत नाही... परवाना द्या, तपासणी ठेवा, व्यसनी माणसाला गुन्हेगार नको, पेशंट समजा. मला पटलं. मग एक निवृत्त अधिकारी उठले. दारूला परवाने दिले, म्हणून कुणाची दारू सुटली का? तेही पटलं... आपलं हे असंच.

सुलूताई मात्र दोघांकडेही सारख्याच आशेने बघत होती.

शेवटी प्रश्नोत्तरांत ती उभी राहिली. या बाईने एकेकाळी गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलंय. घरोघर फिरून बायका गोळा केल्या, मतदान घ्यायला लावलं. दुकान हवं तर उभ्या बाटलीवर शिक्का, नको तर आडवीवर. निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली आणि दुकानाला टाळं लागलं.

“काढा तुमी दुकान,” ती म्हणाली. “दुकान असला तर आमी बायका बाटली आडवी करून बंद तरी करू. आता काय बंद करू? पुडी माझ्याच गडग्याच्या दगडांत ठेवून जातात, माझाच पोर ती काढून घेतो. कोणी ठेवलान ते कधी दिसत पण नाय...”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खरंच! डॉक्टर म्हणाले, बघा, सामान्य माणसालाही दुकान हवंय. अधिकारी म्हणाले, अहो, त्यांना ते शेवटी बंदच करायचंय! दोघांनी तिला आपापल्या बाजूला ओढून घेतलं, आणि मग आभारप्रदर्शन, चहा-बिस्किटं.

आम्ही रिक्षात बसलो. ती म्हणाली, “अगो, टाळ्या कशाला वाजवल्यानी?”

काल तिच्याकडे गेले. परसामागचा गडगा, तोच नुसते दगड रचून घातलेला, तिने निम्मा पाडला होता. एकटी एकेक दगड काढून अंगणात ढीग घालत होती. बोटं सोलून निघाली होती. मोकळ्या जागेतून गुरं आत शिरून मिरचीचे वाफे तुडवून गेली होती, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

“बंद केला दुकान,” ती म्हणाली. हसली नाही.

प्रथमेश पडवीत मोबाइल घेऊन बसला होता. नुसती हाडं राहिलीत पोराची. “मावशी, चहा टाकू का?” त्याने विचारलं, अगदी पूर्वी विचारायचा तसंच... मला एकदम रडू आलं.

मी डोळे पुसतेय तोवर त्याचा मोबाइल वाजला. त्याने बघितलं, चपला घातल्या आणि निघाला. ताईने हाक मारली नाही. हातातला दगड तेवढा खाली ठेवला.

आम्ही दोघी तो गेला त्या वाटेकडे बघत राहिलो. पार मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना गडगेच गडगे... दुसऱ्यांचे.

कुणाकुणाचे पाडणार ती?